पूर्ण दाबाची अंघोळ

मुकुंदवाडीच्या द्वारकाबाई औताडे अमेरिकेला निघाल्या त्या मुलाला भेटायला, असं सगळ्या गल्लीला सांगून. ते काही खोटं नव्हतं. पण मनातली खरी इच्छा वेगळी होती. वरून पाणी सुटलंय, आपण खाली उभ्या आहोत, बादलीत किती उरलं ते बघायचं नाही, अशी एक अंघोळ त्यांना जन्मात एकदा करायची होती. मुकुंदवाडीत नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि त्या दिवशी घरातली बाई अंघोळ करत नाही, भरत बसते. म्हणून या अंघोळीसाठी त्यांनी गुलमंडीच्या बाजारातून खास नवा टॉवेल आणला, चांगला जाडजूड, लाल काठाचा.

त्यांचे यजमान बद्रीनाथराव एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून सन्मानानं निवृत्त झाले होते. सन्मान अशासाठी, की उभ्या नोकरीत त्यांनी गावाला पाणी पुरू दिलं नाही आणि तरी एकही मोर्चा त्यांच्या टेबलापर्यंत पोचला नाही. निरोपसमारंभात खात्यानं त्यांना व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी भेट दिली होती. ती हातभर लांब चावी अमेरिकेच्या सामानात बसावी म्हणून लोणच्याची बरणी बाहेर निघाली. टॉवेल मात्र द्वारकाबाईंनी हातातल्या पिशवीत घेतला.

अमेरिकेत मुलाच्या, म्हणजे विश्वजीतच्या घरी नळाला दिवसभर पाणी होतं. बद्रीनाथरावांना हे लक्षण ठीक वाटेना. एवढं सोडतायत म्हणजे उद्या नक्की बंद करणार, असं म्हणून त्यांनी न्हाणीतला टब काठोकाठ भरला आणि त्याला 'आकस्मिक साठा' असं नाव दिलं. शॉवर नेमका टबाच्या वर होता. सबब द्वारकाबाईंनी साठ्याच्या शेजारी बसून तांब्यानं अंघोळ उरकली. सूनबाई तनुजानं समजूत घातली, की दोन दिवसांनी आपण मोटरहोम घेऊन वाळवंट बघायला निघणार आहोत, त्या गाडीतही शॉवर आहे, आणि तिथं टब नाही. द्वारकाबाईंनी टॉवेल घडी न मोडता तसाच त्या गाडीसाठी ठेवला.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढं ड्रायव्हर, मध्ये ओटा, मागं पलंग आणि त्याला लागून कपाटाएवढी न्हाणी. बाहेर जिकडं बघावं तिकडं तापलेली माती आणि माणसाच्या दुप्पट उंचीचे निवडुंग. पाणी औषधालासुद्धा नाही. पण मुक्कामाच्या तळावर प्रत्येक गाडीसाठी एक नळ होता. विश्वजीतनं पाइप जोडला, नळ उघडला आणि म्हणाला, आता हवं तेवढं पाणी वापरा. असलं बेजबाबदार वाक्य बद्रीनाथरावांनी सेवाकाळात कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सामानातून चावी काढली, नळाशेजारी घडीची खुर्ची टाकली आणि नळ बंद केला. चावी त्या नळाला बसत नव्हती. पण ती हातात असली की लोक नळापासून लांब राहतात, हा त्यांचा अनुभव होता.

"पप्पा, हे पाणी संपत नाही," विश्वजीत म्हणाला.

"संपत नसंल. पण पुरत नाही," बद्रीनाथराव शांतपणे म्हणाले. "सगळ्यांनी एकदम नळ सोडले की दाब पडतो. दाब पडला की माणसं भरून ठेवतात. भरून ठेवलं की टंचाई होते. ती टाळायची तर टंचाई आधीच नियोजनानं करावी लागते."

विश्वजीत मोठा इंजिनिअर. त्याला यात चूक सापडेना.

बद्रीनाथरावांनी गाडीचे तीन झोन पाडले: ड्रायव्हर, ओटा आणि न्हाणी. पहिल्या झोनला सकाळी पाणी, दुसऱ्याला संध्याकाळी. न्हाणी पडली टोकाला, शिवाय चार बोटं उंचावर, त्यामुळं तिकडं पाणी चढण्यात तांत्रिक अडचण होती. ती अडचण दूर होईपर्यंत टोकाच्या रहिवाशांनी सहकार्य करावं, असं त्यांनी जाहीर केलं. टोकाचे रहिवासी म्हणजे एकट्या द्वारकाबाई.

मग त्यांचं म्हणणं खरं व्हायला लागलं. ज्या विश्वजीतनं अमेरिकेत कधी रिकामी बाटली जपली नव्हती, त्यानं सीटखाली भरलेल्या बाटल्यांची रांग लावली. तनुजानं कुकर काठोकाठ भरून वर शिट्टीसकट झाकण लावलं, म्हणजे कुणाला संशय नको. साठेबाजी सुरू झाल्याचं पाहून बद्रीनाथरावांनी दोन्ही झोनची वेळ निम्मी केली. शेजारच्या मोटरहोममध्ये एक निवृत्त अमेरिकन जोडपं होतं. वाळवंटात नळ असून तहानलेलं कुटुंब बघून त्यांना कळवळा आला, आणि तो म्हातारा रोज एक बादली आणून देऊ लागला. बद्रीनाथरावांनी त्याचे मनापासून आभार मानले. टँकर सुरू झाला म्हणजे टंचाई अधिकृत झाली, आता नळ सोडायचं कारणच उरलं नाही.

द्वारकाबाईंना रडू कोसळलं. विमानात बसून, पाय सुजवून, परमुलखात येऊन पुन्हा तोच तांब्या. त्या तडक खुर्चीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, लग्न झालं तवापासून मी तुमच्या पाण्याची वाट बघतीय. एक डाव मनासारखं न्हाऊ द्या मला."

"तुझी मागणी रास्त हाय," बद्रीनाथराव म्हणाले, "अन् विचाराधीन हाय."

पण द्वारकाबाईंनी संसार पाणीखात्याशी केला होता. नवऱ्याच्या नोकरीत नळ पूर्ण दाबानं कधी सुटला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बरं, मंग त्या शेजारच्या सायबाच्या हातानं न्हाणीचं उद्घाटन तरी करा."

बद्रीनाथराव खुर्चीतून उठले. मुक्कामी आल्यापासून जेवण सोडून दुसऱ्या कशासाठी ते उठले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोहळा झाला. नारळ नव्हता, म्हणून चाकावर खरबूज फोडलं. बद्रीनाथरावांनी भूमिका मांडली. तळागाळापर्यंत आणि टोकापर्यंत पाणी नेण्याचा संकल्प, वगैरे. विश्वजीतनं त्याचं एका वाक्यात भाषांतर केलं. पाहुण्याच्या सत्काराला शाल लागते हे ऐनवेळी ध्यानात आलं, तेव्हा बद्रीनाथरावांनी इकडं तिकडं बघितलं आणि न्हाणीच्या दाराला अडकवलेला लाल काठाचा टॉवेल त्याच्या खांद्यावर घातला. अमेरिकन बाईनं टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानं नळ पूर्ण उघडला.

आत शॉवरखाली उभ्या असलेल्या द्वारकाबाईंच्या डोक्यावर पाणी आलं. असं तसं नाही, धो धो आलं. त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या. अंगावरून वाहून जाणाऱ्या पाण्याकडं त्यांनी मुद्दाम बघितलं नाही. लहानपणी विहिरीवर मोट चालायची, तिच्या पाण्याखाली बसायच्या त्या, तेव्हापासून असं सुख मिळालं नव्हतं. मग घाई कशाची, असं म्हणून त्यांनी केस मोकळे सोडले आणि डोक्याला सावकाश, भरपूर साबण लावला.

बाहेर पाहुण्यानं हात हलवला आणि टॉवेल पांघरून तो आपल्या गाडीकडं गेला. कार्यक्रम संपला. कार्यक्रम संपल्यावर जे करायचं असतं ते बद्रीनाथरावांनी केलं. नळ बंद केला, चावी मांडीवर घेतली आणि समाधानानं खुर्चीत बसले.

"अहो, पाणी गेलं," आतून आवाज आला. "साबण डोळ्यात चाललाय. विश्वजीत, बाळा, असंल तर तांब्याभर दे रे. अन् टॉवेल कुठं गेला माझा?"

विश्वजीतनं सीटखालच्या बाटल्यांपुढं पाय लांब केले आणि म्हणाला, थांब आई, बघतो. तनुजा म्हणाली, मीपण बघते, आणि तिनं कुकरवर फडकं टाकलं. दोघंही बराच वेळ बघत राहिले. द्वारकाबाई आंधळ्यासारख्या भिंत चाचपत राहिल्या.

कसली ही पोरं, आम्ही असतो तर लगेच दिलं असतं, असं तुम्ही आत्ता मनात म्हणालात. चांगलं आहे. मग एवढं वाचून झालं की उठा, आणि नळातलं पाणी ओढायला लावलेली तुमची मोटर जरा बंद करून या. तुमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात एक बाई डोक्याला साबण लावून उभी आहे.