तात्यांच्या संगणकावरचा लोड

आमचे शेजारी किसनतात्या संगणकाची तब्येत कानाने तपासायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक डब्याला, मूठ कानाला लावून डोळे मिटून उभे राहायचे. "बेरिंग बरं हाय," म्हणायचे. मग डब्यावर तळहात ठेवून, "पर लोड आलाय."

तात्या मूळचे अंथुर्ण्याचे. सगळी नोकरी भिगवणजवळच्या पंपहाऊसवर, मोटरींच्या आवाजात गेली. मुलगी वैशाली कॉलेजला आली म्हणून निवृत्तीनंतर बारामतीत आमच्या शेजारी राहायला आले. बायको आधीच गेलेली. वैशालीसाठी संगणक आला, आमच्या गल्लीतला पहिलाच. त्या काळी लोक संगणकाला कापडी झबलं शिवायचे. तात्यांनी पंपाला घालतात तशी ताडपत्री शिवली. पुढे वैशाली पुण्याला नोकरीला गेली. संगणक आणि तात्या मागे राहिले.

पंपाचे सगळे नियम त्यांनी संगणकाला लावले. चालू करताना पायाखाली लाकडी पाट घ्यायचे आणि भिंतीपलीकडून मला हाक मारायचे, "बाई, मिक्सर थांबवा जरा. सुरू हुतंय, उचलू द्या त्याला." मीही थांबवायचे.

मी टायपिंगच्या क्लासात शिकवायचे आणि तिथे नुकतेच संगणक आले होते, म्हणून तात्या एकदा माझ्याकडेच आले.

"बाई, लई रडतंय ते. बटण दाबावं आन् च्या पिऊन यावं. दिवाळीला वैशू येतीय. फोनवर म्हणली, चालत नसंल तर देऊन टाका कुणाला. तिचं हाय, कसं देऊ? ती यायच्या आत पळालं पायजे."

अशा कामाचा माझा क्रम ठरलेला असतो. आधी व्हायरस, मग डिस्क, मग मेमरी, शेवटी धूळ. सगळं तपासलं, काही सापडेना. प्रोसेसरवरचा भार दाखवणारा आलेख उघडून ठेवला, तर रेघ तळाशी झोपलेली. मी घरी गेले की मात्र तात्यांचा निरोप यायचा, रेघ वर जाऊन चिकटली.

"तुमाला घाबरतंय ते," तात्या म्हणाले. "सायब आले की आमची मोटर बी आशीच गुमान चालायची."

शेवटी मी म्हटलं, "तात्या, तुम्ही रोज करता तसं करा. मी नुसती बघते."

तात्या पाटावर पाय ठेवून बसले. टायपिंग शिकवणारा प्रोग्रॅम उघडला, जरा बघितला, खाली सारला. मग स्वतःशीच खेळणारं बुद्धिबळ. मग पडद्यावर मासे पोहवणारा. मग गाणी, चित्रं, मोटारींची शर्यत. एकही बंद केला नाही. रेघ चढत चढत छताला टेकली.

"हे सगळं रोज कशाला?"

"फिरवून घेतो. मोटर पडून राहिली की जाम हुती. पावसाळ्यात उपसा बंद आसायचा, तरी आमी येकेक मोटर रोज फिरवायचो. ही समदी वैशूची हायती. ती आली आन् त्यातलं येखादं उचललं न्हाय, मंजी?"

"मग बघून झाल्यावर बंद का नाही करत?"

"बंद करून परत उचलायला करंट लई खातं. चालतंय ते चालू द्यावं."

मी त्यांना समजावलं की प्रोग्रॅम जाम होत नाही. वर्षभर हात लावला नाही तरी जसाच्या तसा राहतो. एकेक बंद करत गेले, रेघ उतरत गेली. "आता वैशाली आली की पळेल बघा."

तात्या रेघेकडे बघत राहिले. "मंजी रोज फिरवायचं काय कारण न्हाय?"

"काहीच नाही."

"यंत्राचं बरं हाय," ते म्हणाले. पाट उचलून भिंतीला लावला, ताडपत्री झटकली, घातली, तिचे कोपरे सारखे केले. करण्यासारखं आणखी काही उरलं नाही, तेव्हा खुर्चीवर येऊन बसले.

"रोज ह्याच्यात आठ वाजायचे, बाई."

साडेसहाच झाले होते. क्लासातून थेट आले होते, आता घरी निघाले होते. उचललेली पर्स पुन्हा टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "चहा टाका."