मांगशी तव्हय परत

सुकलाल आप्पांच्या घोड्याला सध्या तोंड नाही. ते काशिनाथभाऊंच्या विहिरीत आहे, पंपाच्या पाइपाला खाली लावलेलं, आणि केळीच्या बागेला पाणी द्यायच्या कामाला लागलंय.

हे कोडं वगैरे नाही. आमच्या कोरीटला आप्पा शिल्पं करतात. लोखंड, माती, लाकूड, गोणपाट, जुनी लुगडी, जे हाती येईल ते एकत्र करून. शहरात याला मिश्र माध्यम म्हणतात, आमच्या गावात अहिराणीत 'आप्पाना पसारा', म्हणजे आप्पांचा पसारा, म्हणतात. त्या घोड्याचं तोंड म्हणजे काशिनाथभाऊंनी दिलेला जुना फूटव्हॉल्व्ह होता. ऐन उन्हाळ्यात त्यांचा नवा तडकला, तसे ते आप्पांकडे आले. आप्पांनी पाना घेतला, घोड्याचं तोंड सुटं केलं, पुसून त्यांच्या हातात दिलं आणि वर चहा पाजला. घोडा तेव्हापासून तसाच उभा आहे.

हा आप्पांचा कायदा आहे. कुठलीही वस्तू घेताना मालकाला विचारायचं, आणि घेताना सांगायचं, "मांगशी तव्हय परत." लोक हे सौजन्य म्हणून ऐकतात. आप्पा ते शब्दशः पाळतात: मागशील तेव्हा परत. त्यामुळे चाळीस वर्षांत त्यांचं एकही शिल्प पुरं झालेलं नाही आणि झालं तरी तसं राहिलेलं नाही. त्यांच्या मोराच्या पिसाऱ्यात आमचा मोठा झारा आहे. दिवाळीच्या आधी माझी बायको सुनंदा तो घरी आणते, शेव-बुंदी उरकते, आणि भाऊबीज झाली की घासून परत मोराला नेऊन देते. माझ्या स्कूटरचा हेडलाइट त्या घोड्याचा डोळा आहे. आप्पांशी वाजलं की मी रागाने म्हणतो, "आते मन्हा हेडलाइट परत द्या!" ते लगेच पाना उचलतात आणि माझीच पंचाईत होते, कारण स्कूटर मी केव्हाच विकली आहे.

मी नंदुरबारला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, रोज कोरीटहून जाऊन येऊन करतो. पुस्तक नेलं की परत आणायचं असतं, हे लोकांना समजावण्यात माझी हयात गेली. आणि माझ्या शेजारी हा माणूस, न मागता आठवण करून देतो की तुझं माझ्याकडे काही आहे. असा शेजार लाभला की माणसाला चिडावं की वाकून नमस्कार करावा ते कळत नाही. मी बहुतेक वेळा चिडतो.

आप्पा निवृत्त चित्रकला शिक्षक. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिच्यासोबत राहिले, ती गेल्यावर एकटे. त्यांचा स्टुडिओ म्हणजे गावाच्या कडेचं एक जुनं मिरचीचं गोदाम. मिरची जाऊन खूप वर्षं झाली, पण भिंतींत ती अजून आहे. नवा माणूस आत आला की त्याची पहिली दहा मिनिटं शिंकण्यात जातात. आप्पा शांतपणे बसून राहतात. "शिंकी ले पहिले. मंग बोलसूत," म्हणतात. एकदा एक मोठे अधिकारी भेट द्यायला आले होते, ते भाषणाचा कागद हातात धरून नुसते शिंकले आणि गेले. आप्पांच्या मते त्या गोदामात झालेलं ते सगळ्यात चांगलं भाषण.

दर रविवारी इथे आप्पांचा वर्ग भरतो. नंदुरबारची, शहाद्याकडची, डोंगरातली मिळून दहा-अकरा मुलं-मुली येतात. पहिले चार रविवार हाताला माती लागत नाही की वेल्डिंगची ठिणगी उडत नाही. पहिला धडा मागण्याचा. "उचलानं नई, मांगानं," एवढंच आप्पा शिकवतात. जा, कुणाच्या तरी दारात उभे राहा, त्यांच्या नको असलेल्या वस्तूची कथा ऐका आणि मग ती मागा. भंगार हा शब्द गोदामात चालत नाही. "ज्या वस्तूना मालक माहीत नई, ते भंगार. हाई काशिनाथना व्हॉल्व शे. त्याले भंगार म्हनो नको."

धुळ्याहून एक कलेचा पदवीधर आला होता, गळ्यात कॅमेरा, डोक्याला रुमाल. त्याला मागायची लाज वाटली. त्याने रस्त्याकडेला पडलेली एक बिजागरी उचलून आणली आणि तिच्या गंजावर अर्धा तास बोलला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि ती कुणाची एवढंच विचारलं, "कोणी शे?" झालं. त्या बिचाऱ्याला मालक शोधायला तीन रविवार लागले. ती ग्रामपंचायतीच्या संडासाच्या दाराची निघाली. दार तितके दिवस दोरीने बांधलेलं होतं आणि गाव चोराला शिव्या देत होतं. त्याने स्वतःच्या हाताने ती परत ठोकून दिली. हा धडा त्याला कुठल्या पदवीत मिळाला नसता, हे मीसुद्धा मान्य करतो.

या वर्गात अक्कलकुव्याच्या पलीकडून येणारी रविता आहे. घरी भिली बोलते, आप्पा अहिराणी बोलतात, आणि ती आप्पांना शाळेतल्या शुद्ध मराठीत उत्तर देते. दोघांचं भांडण ऐकायला मजा येते. मुलीच्या हातात मात्र जादू आहे. तिला कला महाविद्यालयात जायचं होतं. वडील म्हणत होते, नर्सिंग कर, पोटापाण्याचं बघ. शेवटी ते एवढ्यावर आले होते, की एकदा बाहेरच्या जाणत्या माणसांनी तुझं काम बघू दे, ते काय म्हणतात त्यावर ठरवू.

म्हणून गेल्या हिवाळ्यात माझ्या मोबाइलवर नाशिकहून फोन आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आप्पा मोबाइल बाळगत नाहीत, त्यांचे फोन मलाच येतात. एका कला महाविद्यालयात खानदेशातल्या शिल्पांचं प्रदर्शन होतं. आप्पांच्या वर्गाने एक काम पाठवावं, सगळ्या मुलांची नावं लावू, असं ते म्हणत होते. असली आमंत्रणं आप्पा नेहमी उडवून लावत. "मन्हा घोडा काही शिकेल नई. कॉलेजमा जाईसन काय करी तो?" असं म्हणून ते मागे एक पत्र चुलीत टाकून मोकळे झाले होते.

या वेळी त्यांनी विचारलं, "कोणतं कॉलेज?"

"तुम्ही शिकनात तेच."

आप्पांनी हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, "जासूत."

मुलांनी 'झोक्यावरली बाई' करायला घेतली होती, तीच न्यायची ठरली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, त्यांतली एक. पुरुषभर उंचीची. वखराच्या पासेचे, म्हणजे लोखंडी पात्याचे खांदे, केळीच्या खोडाच्या धाग्यांचे केस, मिरचीच्या गोणपाटाचं लुगडं, आणि रविताने मातीत घडवलेला चेहरा. छातीच्या जागी शिलाई मशीनचं मोठं लोखंडी चाक. ते गावातल्या मथुराबाईंनी दिलेलं. सारी बाई त्या चाकावर तोललेली होती. झोका हलला की चाक सावकाश फिरायचं आणि बाई श्वास घेतेय असं वाटायचं. मी तिच्यासमोर एकदा नको इतका वेळ उभा राहिलो होतो.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी दुपारी मथुराबाई दारात आल्या. आधी शिंकून घेतलं.

"आप्पा, एक काम व्हतं. मन्ही सुनना मशीननं चाक तडकी गयं. लगीनसराई शे, घरमा बिलाउजना ढीग पडेल शे. म्हटलं ते जुनं चाक..."

बोलता बोलता त्यांची नजर वर बाईकडे गेली. "ऱ्हावू द्या आप्पा. जाई येवू द्या तिले नाशिक."

"नई. तुन्हं चाक शे," आप्पा म्हणाले आणि पान्याकडे हात नेला.

गोदामात एकच गलका झाला. रविता आप्पांच्या आणि बाईच्या मध्ये उभी राहिली. "सर, हे आमचं वर्षाचं काम आहे. उद्या माझे वडील येणार आहेत टेम्पोबरोबर. तुम्हाला माहीत आहे ना?"

मलाही राहवलं नाही. "आप्पा, ती सोताच थांबाले तयार शे ना! आठ दिवसनी गोष्ट!"

आप्पा माझ्यावर कधी ओरडले नव्हते, तेव्हा ओरडले. "ती लाजीसन थांबी ऱ्हायनी! जो लाजीसन थांबस, तेले थांबाडानं नई!"

मग आवाज खाली आणून रविताला म्हणाले, "बेटा, मन्हावर भरोसा ठेव असं बी म्हनत नई. मालेच भरोसा नई. पन चाक देनं पडी."

चाक निघालं. बाई पुढे वाकली, मुलांनी धरली, मागून सळ्यांचा टेकू दिला. छातीच्या जागी आरपार भोक पडलं. त्यातून दारापलीकडची, उन्हात वाळत घातलेली मिरचीची पथारी दिसत होती. रविता रडत रडत सळ्या आवळत होती, आणि मी मनात म्हणत होतो की या म्हाताऱ्याने स्वतःच्या हट्टापायी पोरीचं आयुष्य मातीत घातलं. हे मी मोठ्याने बोललो नाही एवढंच.

नाशिकला बाई उभी राहिली. भोकाभोवती गर्दी जमली. एक दाढीवाले गृहस्थ बऱ्याच जणांना ते स्त्रीचं रितेपण असल्याचं समजावून देत होते. आप्पांनी मागून त्यांच्या खांद्यावर बोट ठेवलं. "रितं काही नई भाऊ. तठे चाक व्हतं. मथुराबाईनी सून त्यावर बिलाउज शिवी ऱ्हायनी."

त्या गृहस्थांना कळेना. तेव्हा रविता पुढे झाली. तिने शुद्ध मराठीत सगळं सांगितलं. कोणाचा वखर, कोणाचं गोणपाट, काशिनाथभाऊंच्या व्हॉल्व्हचा घोडा, संडासाची बिजागरी, आणि चाक परत देताना ती स्वतः किती चिडली होती तेही. माणसं हसत होती, मध्येच वाकून त्या भोकातून बघत होती. तिथल्या एक प्राध्यापक बाई शेवटपर्यंत ऐकत थांबल्या. चेहरा कुणी केला विचारलं, रविताचे हात हातात घेऊन पाहिले, आणि तिच्या वडिलांकडे वळून म्हणाल्या, "हिला पुढच्या वर्षी आमच्याकडे पाठवा. वसतिगृहाची सोय मी बघते." वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मान हलवली. मला जोरात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही.

आप्पांना सांगायला वळलो तर आप्पा गायब. इमारतीत शोधत शोधत मी आणि रविता मागच्या बाजूला मातीकामाच्या खोलीत पोचलो. आप्पा तिथे जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर एक भलीमोठी लाकडी काठवट होती, ओल्या मातीने अर्धी भरलेली. मुलं त्यात माती मळत असावीत. एका बाजूला लाकूड चिरलेलं आणि त्यावर जुनी लोखंडी पट्टी ठोकलेली. आप्पा त्या पट्टीवरून बोट फिरवत होते.

"बापनी ठोकेल शे ही," ते म्हणाले.

मला काही समजेना. मी खाली बसलो.

"मन्ही मायनी काठवट शे, संजू. ती यामा मांडासनी कणीक तिंबे. मी आठे शिकत व्हतू तव्हय घरथीन उचलीसन लई उनू. मूर्तीनं पोट करं हिनं. बक्षीस लागनं, मूर्ती कॉलेजनी ठेई लिधी. मूर्ती गयी, काठवट ऱ्हायनी." ते थांबले. "माय कव्हय रागे भरनी नई. दर आखाजीले फक्त इचारे, सुकलाल, काठवट कव्हय येई रे? मी म्हने, येई माय. ती परातमा तिंबे. मरेलोंग इचारत ऱ्हायनी. आनि माले आठे येवानी लाज वाटे."

शेजारी इतकी वर्षं राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्यावर किती वेळा चिडलो ते सगळं त्या क्षणी आठवलं आणि माझी मलाच शरम वाटली.

रविता हळूच म्हणाली, "सर, मागा ना. ते देतील. तुमचीच आहे."

"मन्ही नई, मायनी शे. आनि तिंबनारी गयी बेटा. घर नेईसन कोनले देऊ?"

"मला इथल्या प्राध्यापक बाईंनी पुढच्या वर्षी शिकायला बोलावलंय, सर. वडील हो म्हणाले."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मग त्यांनी बाह्या सारल्या, दोन्ही हात काठवटीत घातले आणि माती मळायला लागले. पुढे रेटायची, दुमडायची, पुन्हा रेटायची. मी माझ्या आईला असंच पाहिलं होतं, पुरणाच्या मांड्यांच्या कणकेशी झटताना.

"मूठवर नई, तळहातवर जोर देवाना," आप्पा म्हणाले. "माय अशीच तिंबे."

मग ते बाजूला सरकले, काठवट रविताकडे ढकलली आणि म्हणाले, "बस. आते तू."