जयवंतची फ्रेम विचाराधीन आहे

कोणताही निर्णय घाईने घेऊ नये, हे आमच्या चाळीचं पूर्वापार धोरण आहे. भांडुपच्या या चाळीचा सचिव म्हणून मी, मधुकर दळवी, हे अभिमानाने सांगू शकतो. जिन्याचा मोडलेला कठडासुद्धा आम्ही अजून घाईने दुरुस्त केलेला नाही. त्यामुळे जयवंत परबने मोटारसायकलची फ्रेम गॅलरीत आणून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, "काय करू रे, पावडर कोटिंग की साधा पेंट?" असं विचारलं, तेव्हा प्रश्न अगदी योग्य हातांत पडला होता. फ्रेम त्याची होती हे खरं. पण प्रश्न त्याने गॅलरीत विचारला, आणि गॅलरी सामाईक आहे.

जयवंत गिरणीत बदली कामगार होता. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि तेव्हापासून तो मिळेल ते करत होता. आता घाटकोपरच्या एका औषधांच्या व्यापाऱ्याने त्याला कायमचं काम कबूल केलं होतं. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत दुकानादुकानांतून ऑर्डरी गोळा करायच्या, पगार दर महिन्याला. अट एकच, दसऱ्याला स्वतःच्या गाडीवर हजर व्हायचं. गाडी होती, मामाने दिलेली, पण खाडीच्या वाऱ्याने खाल्लेली. म्हणून जयवंतने ती सगळी सुटी केली आणि चाळीतल्याच गॅरेजवाल्या अंबादासकडून फ्रेम घासून घेतली. लोखंड असं चकचकीत उघडं झालं होतं की त्यात तोंड दिसावं. आता वर एक थर चढवायचा आणि गाडी जोडायची, एवढंच राहिलं होतं. गणपती नुकतेच गेले होते, वेळ भरपूर होता. वेळ भरपूर असला की आमच्या चाळीच्या अंगात येतं.

"पेंट मार, जयवंता," अंबादास म्हणाला. "खरचटलं तर परत ये, तेवढाच तुकडा मारून देतो. पावडरचं तसं नाय. खाली जरा गंज राहिला ना, की आतल्या आत पसरतो आणि मग पापुद्रे निघतात."

"काय यार, पेंट!" शेजारचा शिवदास उसळला. तोही तेव्हा घरीच असायचा, त्यामुळे त्याची मतं ताजी असत. "स्टेशनपलीकडे एकाने भट्टी लावलीय. कोरडी पावडर उडवतात नि भाजून काढतात. दगड हाण, टवका उडणार नाय. झकास!"

"आणि आतून गंजली तर?"

"आतून कोण बघतं रे?"

इथे मला मध्ये पडावं लागलं. दोन माणसांनी आपसांत असा प्रश्न सोडवणं लोकशाहीला धरून नव्हतं. मी सर्वसाधारण सभा बोलावली.

सभेत जयवंतची बायको सुलक्षणा उभी राहिली. "भाऊजी, स्वयंपाकघराच्या दाराचा हिरवा रंग उरलाय. उद्या दुपारी ब्रश मारते नि मोकळी होते."

सभेत हशा पिकला. मी तिला समजावलं, "वहिनी, हा तांत्रिक विषय आहे. तुम्ही तेवढं चहाचं बघा." फ्रेम परबांची असल्याने चहाही परबांकडूनच यावा, हे ओघानेच आलं. निर्णय होईपर्यंत फ्रेम चाळीच्या कमिटीच्या ताब्यात राहील आणि तिला कोणी काहीही लावणार नाही, असा ठराव बिनविरोध झाला. जयवंतनेही हात वर केला. मोठा भिडस्त माणूस. त्याचा हा गुण मला फार आवडतो.

पुढच्या बैठकीत तज्ज्ञाचं मत घ्यायचं ठरलं. आमच्याकडे तज्ज्ञ आहे. खालच्या मजल्यावरचा चंद्रप्रकाश ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात नोकरीला आहे. तो तिथे टंकलेखक आहे, पण रोज त्या फाटकातून आत जाणाऱ्या माणसाच्या अंगाला काही विज्ञान लागतंच की. पावडरीचे कण विजेने लोखंडाला चिकटतात म्हणे, हे खरं का, असं आम्ही त्याला विचारलं. चंद्रप्रकाशने दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्याकडच्या कामाबद्दल मला बाहेर काही बोलता येत नाही."

हे मत आपल्याच बाजूचं आहे, यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. चाळीत आता दोन पक्ष होते. पावडरवाल्यांच्या घरची वाटी पेंटवाल्यांकडे जाईना, आणि नळावर अंबादासच्या बायकोची कळशी मागे सारली जाऊ लागली.

मग कायद्याची बाजू पाहणं आलं. मी स्वतः रजा टाकून जयवंतला घेऊन वाहन नोंदणीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी नोंदवही उघडली.

"गाडीचा रंग काळा. आता कुठला करणार?"

"काळाच," जयवंत म्हणाला.

"मग बदल काय?"

"पावडर कोटिंग करायचं म्हणतायत साहेब, पेंटऐवजी."

"पावडर हा रंग आहे का?"

"काळी पावडर आहे."

"मी रंग विचारतोय. रंग नसेल तर गाडी बिनरंगाची ठरते, आणि बिनरंगाच्या गाडीची नोंद होत नाही. रंग असेल, तर काळ्याचा काळा करायला परवानगी लागत नाही. जी लागत नाही ती मी देणार कशी?"

असा स्वच्छ विचार हल्ली दुर्मिळ झाला आहे. मी त्यांचा हात हातात घेतला. जयवंत मात्र बाहेर आल्यावर म्हणाला, "भाऊ, घाटकोपरचे शेटजी परत विचारत होते. वाट लागेल हो माझी." मी त्याला धीर दिला. विषय किती पुढे गेला आहे, हे त्याच्या लक्षात येत नव्हतं.

फ्रेम दरम्यान तांबूस दिसू लागली होती. उघडं लोखंड आणि भादव्याची हवा, दुसरं काय होणार! एका दुपारी सुलक्षणा चिंधीने तिला रॉकेल चोळताना सापडली. हे गंभीर होतं. विचाराधीन वस्तूला एका पक्षाने परस्पर रॉकेल लावलं, तर दुसऱ्या पक्षाचा कमिटीवर विश्वास कसा राहील? मी चिंधी जप्त केली.

"भाऊजी, गंजतेय हो ती!"

"गंजू दे, वहिनी. पण नियमाने."

शेवटी भिकाजी नाना काठी टेकत पुढे आले. नाना चाळीतले सर्वांत वडीलधारे. "ह्यां असां सुटाचां नाय," ते म्हणाले. "देवाक कौल लावया."

याला दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या. जिन्याखाली आमच्या गावच्या देवाचा पाषाण आहे. नानांनी त्याला दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आधी गळेल तो कौल. मग त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाच्या फटफटीक पावडर होयी तर उजवो दे, रंग होयो तर डावो दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ म्हणाली. जयवंतचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्याने डोळे घट्ट मिटले होते.

उजवी पाकळी टपकन गळली. शिवदासने शिट्टी मारली. सुलक्षणाने नमस्कार केला आणि जयवंत फ्रेम उचलायला धावलादेखील. तेवढ्यात अंबादास म्हणाला, "थांब. उजवी कुणाची? आपली की देवाची? देव आपल्याकडे तोंड करून बसलाय."

मुद्दा बिनतोड होता. गावी असं काही निघालं की गुरव सांगतो. पण गुरव गावी, आणि नवरात्र तोंडावर आलेलं. दसरा झाल्याशिवाय त्याला देऊळ सोडता येणार नव्हतं. जयवंतने फ्रेम पुन्हा खाली ठेवली. सुलक्षणा एवढंच म्हणाली, "देवाने दिलंन, ते माणसांनी परत केलंनी," आणि चहा टाकायला आत गेली.

दसऱ्याला चाळीत सकाळपासून झेंडू. शिवणयंत्रं, सायकली, अंबादासचे पाने, सगळ्यांची पूजा झाली. तेवढ्यात खाली काहीतरी खोकल्यासारखं वाजलं. शिवदास सासऱ्याच्या स्कूटरवरून उतरत होता. स्कूटरचा मूळ रंग कोणता, हे सांगणं कोणत्याही कचेरीला अशक्य होतं. बाजूचं झाकण सुतळीने बांधलेलं होतं. हातात पेढे होते.

"नोकरी लागली ना! घाटकोपरला, औषधांच्या ऑर्डरी."

"अरे, ती तर जयवंतची," कोणीतरी म्हणालं.

"शेटजी म्हणाले, तो परब दर खेपेला फ्रेमचंच सांगतो. मला विचारलं, चालू होते का? मी किक मारली. जरा वेळाने झाली."

"पण शिवदास, ही स्कूटर! तू तर पावडरवाला," मला राहवेना.

"ते दुसऱ्याच्या गाडीला, भाऊ. आपली काय, चालल्याशी मतलब."

जयवंतने पेढा घेतला आणि खाल्ला. मग उरलेला हार त्याने फ्रेमला घातला. फ्रेम आता झेंडूच्याच रंगाची झाली होती, हार कुठे संपतो ते कळत नव्हतं. तो तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला, तो जेवायलाही उठला नाही. मला खरंच वाईट वाटलं. संध्याकाळी मी सहानुभूतीचा ठराव मांडला. चहा आला, पण साखर नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाळ झोपलेली असताना सुलक्षणाने काचकागदाने गंज घासला आणि फ्रेमला दाराचा हिरवा रंग फासला. कोणालाही न विचारता! आता जयवंत गाडी जोडतो आहे. मुलुंडच्या एका बेकरीत माल पोचवायचं काम आहे म्हणे, दिवाळीच्या पाडव्याला गाडीसकट हजर व्हायचं आहे. कमिटीने हिरवा रंग अनधिकृत ठरवला असून तो खरवडून फ्रेम पूर्ववत करायची नोटीस दिली आहे. त्यानंतर मूळ प्रश्न नव्याने घेता येईल.

तुम्ही इथवर वाचलंत. जयवंतला हे दुसरं काम तरी मिळेल का, हा विचार तुमच्या मनात आला असेलच. पण त्याआधी, अगदी शिवदासने भट्टीचं नाव काढलं तेव्हाच, पावडर बरी की पेंट यावर तुमचं मत ठरून गेलं होतं. लाजू नका, आम्हाला अशीच माणसं हवी आहेत. तुमचं नाव मी उपसमितीत घातलं आहे. रविवारी सकाळी या. चहा जयवंतकडेच आहे.