दोरीवरचा पुरावा

आमच्या कल्याणात त्या काळी डाळिंबी धोतर नेसून देवळात येणारे गृहस्थ एकच, तात्या. आदल्या दिवशी तेच तात्या निळ्या धोतरात दिसलेले असत आणि उद्या हळदी असण्याचा संभव असे.

तात्या हौशी मुळीच नव्हते. शाळेतून निवृत्त झालेले पंतोजी, जन्मभर पांढऱ्या धोतराखेरीज काही नेसले नव्हते. पण उल्हास नदीच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना निघाला, त्याचं सांडपाणी नदीत येऊ लागलं आणि गाव धुण्याला विहिरींवर जाऊ लागलं. तात्या मात्र हट्टानं घाटावरच धोतर धूत. चढेल त्या रंगासकट ते रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालत, कोपऱ्यात शाईनं तिथी टाकत. कोणी हसलं की म्हणत, "माझ्या तोंडाकडे पाहू नका. पुराव्याकडे पाहा."

मी त्यांचा शेजारी, कचेरीत कारकून. "काय तात्या, आज गुलाबी? मुंबईत लग्नसराई सुरू झालेली दिसते," असं मी म्हणे. ते गंभीरपणे मान डोलावत आणि माझं अनुमानही वहीत टिपून ठेवत.

तात्यांचे अर्जांवर अर्ज गेले, तेव्हा कुठे आमच्या कचेरीच्या साहेबांनी घाटावर येऊन स्वतः पाहायचं ठरवलं. पाण्याला रंग दिसला तर कारखान्याचं पाणी नदीत सोडणं बंद, नाही दिसला तर तात्यांचा अर्ज कायमचा निकाली. दोन्ही पक्षांना आठ दिवस आधी कळवायची रीत. ती नोटीस मीच लिहिली, चांगलं वळणदार अक्षर काढून. आपण काय करतोय हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, याची लाज मला अजून वाटते.

त्या सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्याचे शेट साहेबांच्या शेजारी शांत उभे होते. खाडीवरची कोळीण पुढे येऊन म्हणाली, "तात्या, दाखवा सायबाला. जाल्यान म्हावरा नाय गावत आता, निस्ता रंग गावतं."

तात्यांनी कोरं धोतर पाण्यात बुडवलं. घोळवलं, पुन्हा बुडवलं, पिळलं. सगळे माना पुढे काढून पाहत होते. तात्यांनी ते दोन्ही हातांनी उन्हात धरलं.

पांढरं स्वच्छ.

शेटनी कारखाना आदल्या दुपारपासून बंद ठेवला होता. साहेबांनी दोरीवरच्या धोतरांचं विचारलं, तर शेट म्हणाले, "रंग काय, घरीही चढवता येतो." साहेब हसले आणि टांग्याकडे वळले.

तात्या भांडतील असं मला वाटलं होतं. ते मात्र ओलं धोतर छातीशी धरून भराभर घराकडे निघाले. माणूस जिवाचं काही बरंवाईट करतो की काय, या भीतीनं मी मागे धावलो.

ते परसात होते. तिथेही एक दोरी होती, ती मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती. समोरच्या खिडकीशी काकूंची, म्हणजे तात्यांच्या बायकोची, खाट. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले. तोवर त्या तात्यांची धोतरं त्याच घाटावर धूत आणि त्या पांढरेपणाचा त्यांना भारी अभिमान. तात्या रोज एक धोतर चोरून विहिरीवर धुऊन या दोरीवर घालत होते आणि नदी होती तशीच आहे, असं त्यांना सांगत होते.

आज त्यांनी धोतर खिडकीशी नेलं. काकूंनी त्याचं टोक नाकाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"हे नदीचं," त्या म्हणाल्या. "रोज विहिरीचं आणता ते कळत होतं मला. तुम्हांला बरं वाटायचं, म्हणून बोलले नाही."

तात्या आत जाऊन खाटेच्या कडेला बसले आणि आमच्या पंतोजींना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला. रस्त्याकडच्या दोरीवर हिरवं धोतर आलं, कोपऱ्यात तिथी टाकलेलं. परसात कालचं पांढरं तसंच होतं. ते तात्या कधी नेसले नाहीत आणि पुन्हा धुतलंही नाही.