उजवीकडे, खाली
सकाळी साडेसातला टेलरमास्तर चहा पिता पिता खोकले आणि सिस्टरांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"परत खोका."

"अगं, आता येत नाहीये."

"आणा."

मास्तरांनी आणला. एकतीस वर्षं छातीच्या वॉर्डात काढलेल्या बायकोपुढे नवऱ्याचं काही चालत नाही. सिस्टर निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचे कान अजून ड्यूटीवर होते. वॉर्डाच्या दारात उभं राहून नुसत्या खोकल्यावरून आजार सांगायचा, ही त्यांची ख्याती. मोठे डॉक्टरही छातीला नळी लावण्याआधी त्यांच्या तोंडाकडे पाहत. या कानांचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

"न्यूमोनिया," त्यांनी निकाल दिला.

मग एकच धांदल उडाली. मुलीला फोन गेला, ती ऑफिस अर्धवट टाकून निघाली. "पायऱ्या उतरायच्या नाहीत," असा हुकूम सुटला. घर दुसऱ्या मजल्यावर, स्ट्रेचर कुठून आणणार? तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानातून कापड बेतायची फळी वर आली. धडधाकट मास्तरांना तिच्यावर आडवं करून चार शेजाऱ्यांनी खाली नेलं. वाटेत मास्तर प्रत्येक मजल्यावर "मी चालतो हो," म्हणत होते आणि सिस्टर प्रत्येक मजल्यावर "बोलू नका, दम लागेल," म्हणत होत्या.

दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण शांतपणे सगळं ऐकत होती. तिने छातीचा एक्स-रे फोटो काढला. तो स्वच्छ निघाला.

"रक्तदाबाची गोळी कधी बदललीत?"

"तीन आठवडे झाले."

"गोळीचा खोकला आहे हा. काही जणांना होतो. दुसरी देते, पण खोकला जायला दोन-चार आठवडे लागतील." मग ती हसली. "गंमत म्हणजे, ही खोकला आणणारी गोळी न्यूमोनियापासून थोडी राखते, असं काही अभ्यासांत दिसलंय. खात्रीचं नाही म्हणा."

झालं! जो आजार ती गोळी म्हणे दूर ठेवते, नेमका तोच सिस्टरांनी ऐकला होता. फळी रिकामी परत आली. आठवडाभर जिन्यात कुणी खोकलं की वरून आवाज यायचा, "सिस्टर, फळी आणू का?" सिस्टर जिना उतरायच्या बंद झाल्या. मास्तरांच्या जेवणाच्या ताटाकडे पाहत त्या एकदाच म्हणाल्या, "तुमचा खोकला होता ना, म्हणून कानाऐवजी काळजाने ऐकला."

बाराव्या दिवशी दुपारी मास्तर पुन्हा खोकले. रोजच्यासारखेच. पण सिस्टरांच्या हातातला घास तिथेच थांबला.

कालपर्यंतचा खोकला घशात खरखरायचा. हा खालून आला होता, ओला.

"गोळीचाच असेल गं," मास्तर म्हणाले. फोनवर मुलगीही तेच म्हणाली, "आई, पुन्हा नको हं." सिस्टरांनी घास ताटात परत ठेवला. पुन्हा चुकलं तर एकतीस वर्षांचं नाव मातीला मिळणार होतं. आणि बरोबर निघालं तर? त्यांनी चपला घातल्या.

या वेळी फळी नाही, शेजारी नाहीत. दोघं मागच्या जिन्याने चोरासारखी बाहेर पडली.

डॉक्टरणीने नळी लावली, पुढून, मागून. "ताप नाही, छातीही साफ वाटतेय. सिस्टर, हा गोळीचाच उरलेला खोकला."

"उजवीकडे, खाली," सिस्टर म्हणाल्या. शब्द वॉर्डातलेच होते. "तुमची ती गोळी राखत होती म्हणालात ना? मग बारा दिवसांपूर्वी पहारेकऱ्याला रजा तुम्हीच दिलीत. फोटो काढा. पैसे मी भरते, हसं माझं होऊ दे."

फोटो आला. डॉक्टरीण तो उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. उजव्या बाजूला, अगदी खाली, बोटभर पांढरा डाग होता.

"आज कुणाच्याच लक्षात आलं नसतं," ती हळूच म्हणाली. "आठवड्याने आला असतात तर यांना अॅडमिट करावं लागलं असतं. आता घरीच गोळ्यांवर बरे होतील." मग जरा संकोचून म्हणाली, "सिस्टर, बाहेर एक आजोबा बसलेत. जाता जाता त्यांचा खोकला ऐकाल का?"

मास्तर तीन आठवड्यांत ठणठणीत झाले. आता दुकानात माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी फोटो दाखवतात. खिडकीच्या काचेवर धरून सांगतात, "हे ठिगळ बघा, उजवीकडे, खाली. डॉक्टरच्या नळीला सापडलं नाही. आमच्या हिने जेवता जेवता कानाने पकडलं!"

परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पण मास्तर, उजवीकडे, खाली म्हणता आणि हे तर वर, डावीकडे दिसतंय की."

आतल्या दारात सिस्टर उभ्या होत्या.

"उलटा धरलाय," त्या म्हणाल्या. पुढे होऊन त्यांनी फोटो सरळ केला, डागावर बोट ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हं. आता पहिल्यापासून सांगा."