आम्लात विसरलेला रंगोबा

तात्यांनी मेण चढवलेल्या जस्ताच्या पत्र्यावर सुईने चेहरा रेखाटला, पत्रा आम्लात सोडला आणि बजावलं, "दहा मिनिटं. जास्त झालं तर रेघा खोल जातील."

ज्याचा चेहरा, तो समोरच बसला होता. त्या चित्रकाराला सगळे रंगोबाच म्हणत. चाळीस वर्षं दोघांनी एकाच खोलीत, एकाच खिडकीच्या उजेडात काम केलं. उद्या रंगोबा बायकोसह लेकीकडे कायमचा राहायला चालला होता. निदान चेहरा तरी मागे राहावा, एवढीच तात्यांची इच्छा.

पण नेमका सदऱ्याचा विषय निघाला. कलाशाळेत दोघांत मिळून एकच बरा सदरा होता आणि वहिनींना पहिल्यांदा भेटायला जाताना तो रंगोबाने घातला होता.

"त्या दिवशी माझा वार होता!" तात्या म्हणाले.

"तूच दिलास की!"

"दिला? पळवलास! मी दिवसभर बनियनवर बसून होतो."

भांडण मिटेपर्यंत पाऊण तास झाला. शाई भरून ठसा काढला, तर कपाळावर नांगर फिरलेला.

"हा कोण? माझा आजोबा?" रंगोबा ओरडला.

"थांब, खरवडतो."

तात्यांनी पत्र्यावरचा उजवा गाल खरवडून, घोटून गुळगुळीत केला. तेव्हा डावा गाल त्याचा बाप दिसायला लागला, म्हणून तोही घोटला. मग गळ्याची कातडी शोभेना. ती गेली, तर टक्कल खटकलं. तिथे सुईने केस ओढले. हात थांबेचना, त्याला सगळी वळणं पाठ होती. संध्याकाळी नवा ठसा निघाला आणि कागदावरून पंचविशीतला रंगोबा बघू लागला.

तेवढ्यात वहिनी आल्या. "अहो, सामान कोणी बांधायचं?" म्हणता म्हणता थबकल्या. "अगंबाई! हा कुठे सापडला?"

"दुरुस्तीत," रंगोबा पुटपुटला.

वहिनी स्टुलावर टेकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"बिघडलं, वहिनी," तात्या खालमानेने म्हणाले. "मला याचा आजचा चेहरा हवा होता. हा तर तोंडपाठ आहे."

"मग पुन्हा काढा की."

"अगं, उद्या निघायचंय ना!" रंगोबा म्हणाला.

"तिकिटं दोन आहेत." वहिनींनी ठसा दोन पुठ्ठ्यांत अलगद ठेवला. "एकावर मी, एकावर हा. तुम्ही बसा भाऊजींसमोर. झालं की या मागून."

पुठ्ठे काखोटीला मारून त्या गेल्यासुद्धा.

रंगोबा खुर्चीत बसला. "किती दिवस लागतील रे?"

तात्यांनी कोरा पत्रा उचलून उजेडात धरला. आरशासारखा लखलखत होता.

"आधी हा घासायला हवा," ते म्हणाले. "त्यालाच आठवडा जाईल."