तायडे सर आणि थरातला तंतू

खामगावच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या तायडे सरांकडे गेलात, तर ते आधी तुम्हाला ओलं करतात. दारात उभं करून इस्त्रीवाल्याच्या बाटलीतून डोक्यावर, खांद्यावर पाणी फवारतात. मी वनस्पतिशास्त्राचा, शेजारच्याच खोलीतला. दिवसातून चारदा भिजतो. प्राचार्यही सुटलेले नाहीत.

"समोर कापसाची जिनिंग मिल हाये, बाप्पा. तुमच्या अंगावरचा कापूस उडते अन् माह्या थरात पडते."

थर म्हणजे सरांचा जीव. काचेवर रंगीत द्रावणाचा थेंब टाकायचा आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर काच गरागरा फिरवायची, की पातळ थर पसरून वाळतो. असे थर एकावर एक चढवून वर चांदीचा लेप दिला, की झाला उन्हावर वीज देणारा सेल. पण थरात एक तंतू जरी पडला तरी तिथे भोक राहतं, चांदी थेट तळाला भिडते आणि मीटरचा काटा ढिम्म. सरांना पंगतीतही थरच दिसतात. जिलबीचा पाक बघून एकदा म्हणाले, "एकसारखा नाही बसला." नवरीचा बाप शेजारीच वाढत होता.

काटा पाच वर्षं ढिम्म होता. यंदा सरांची निवृत्ती, मग त्या खोलीत झेरॉक्सची मशिनं येणार. सर जेवण विसरले, जिनिंगच्या मालकाशी भांडून आले. मला फार वाईट वाटायचं. शेवटी मी एक बिघडलेली काच माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कापसाचा तंतू चपटा, पिळदार असतो. हा गोल होता, खवल्याखवल्यांचा, आणि हिरवा. लोकर.

मी सरांच्या गळ्याकडे पाहिलं. वहिनींनी विणलेला हिरवा मफलर. त्या गेल्यापासून सर तो मे महिन्यातही काढत नाहीत.

सर बराच वेळ नळीला डोळा लावून बसले. "म्हंजे मीच होतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारातच मफलर काढून माझ्या हाती दिला. "इथंच उभे राहा, सर. खाली ठेवू नोका."

दुपारी आतून आवाज आला, "काटा हलला." मी धावलो, तर तेच बाहेर आले. आधी मफलर घेतला, नाकाशी धरला.

"धुतला नाही मी अजून. तिचा वास राहते थोडा."

मीटर बघायला मी एकटाच आत गेलो.